डायव्हिंग टॉर्चसाठी प्लॅस्टिक शोधायचा नसता उद्योग

डायव्हिंगची टॉर्च विकत घ्यावी की घरी बनवावी असं मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, बाबा विकत घे. घरी करून स्वस्तात पडत नाही, वेळ जातो, आणि बादलीत हे काय भिजत घातलंय म्हणून घरचे विचारतात ते वेगळंच. पण मी पुण्यात फिक्स्चर डिझाइनचं काम करतो, भोसरीत ओळखीचं छोटं वर्कशॉप आहे, आणि सीझनमध्ये जमेल तेव्हा मालवणला पाण्यात उतरतो, त्यामुळे हा नसता उद्योग माझ्या गळ्यात पडणारच होता. एलईडी कुठला, त्याला वीज पुरवणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर कुठला, सेल कुठले यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. बॉडी कशाची करायची म्हटलं की मात्र "डेलरिन वापरा" एवढ्यावर काम उरकतात. हे डेलरिन म्हणजे एक कडक प्लॅस्टिक, पण का डेलरिन, नायलॉन का नको, सरळ पीव्हीसी पाइप का नको, हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टॉर्च लागते कशाला ते आधी. तारकर्ली-मालवणला टुरिस्टना नेतात ती जागा उथळ, तिथे उन्हाचा उजेड पुरतो. पण खडकाच्या कपारीत बघायचं असेल किंवा जरा खाली जायचं असेल तर पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, दहा मीटरच्या आसपास लाल जवळजवळ संपलेला असतो, आणि जे वर आणलं तर लालभडक दिसेल ते तिथे काळपट तपकिरी दिसतं. टॉर्च मारली की रंग परत येतो. त्यात आपल्या किनाऱ्यावरचं पाणी गढूळ, रुंद झोत टाकला तर समोर नुसता पांढरा धुरळा चमकतो, म्हणून झोत अरुंद हवा. एवढी गरज पक्की होती. खोली मी ४० मीटर धरली, कारण हौशी डायव्हिंगची मर्यादा तीच, आणि मी स्वतः तेवढाही खाली जात नाही.

आता दाब. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार वाढतो. आपल्या घरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आत जेवढा जास्तीचा दाब असतो तेवढाच तो, फक्त इथे बाहेरून आत. म्हणजे ४० मीटरला चार कुकरचा दाब एकदम. ऐकायला फार वाटत नाही, पण ५० मिमी व्यासाच्या काचेवर त्याचा हिशोब केला तर ७८० न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे एक ८० किलोचा माणूस त्या छोट्या चकतीवर उभा. तरी गंमत अशी की ताकदीच्या बाबतीत बहुतेक सगळी प्लॅस्टिकं इथे आरामात पास होतात. ६० मिमी बाहेरचा व्यास आणि ६ मिमी भिंत असलेली नळी घेतली तर डेलरिन काय, नायलॉन काय, पीव्हीसी काय, ४० मीटरला कोणीच दबून बसत नाही, कागदावर तरी कित्येक पट मार्जिन निघतं. बाहेरून दाबलेल्या नळीचं गणित भिंतीच्या जाडीच्या घनावर चालतं, जाडी दुप्पट केली की नळी आठपट दाब सोसते, म्हणून जाडीत दोन मिमी वाढवले की तो प्रश्न मिटतो. त्यामुळे "कुठलं प्लॅस्टिक जास्त मजबूत" हा प्रश्नच मी पहिल्या आठवड्यात सोडून दिला. टॉर्चमध्ये पाणी शिरतं ते बॉडी फुटून नाही हो, ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून पाणी अडवणारं रबरी कडं, जिथे बसते तिथलं माप हललं की शिरतं. कुठलं प्लॅस्टिक पाण्यात, उन्हात आणि लेथच्या चकात (तुकडा आवळून फिरवणाऱ्या पकडीत) आपलं माप धरून राहतं, एवढंच बघायचं होतं.

दुसरी गोष्ट जी कोणी बोलत नाही ती म्हणजे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त टॉर्च एबीएस नाहीतर पॉलिकार्बोनेटच्या असतात, पण त्या डायमध्ये मोल्ड केलेल्या असतात. आपल्याला एक-दोन नग करायचेत, डाय कोण बनवतंय. म्हणजे आपल्याला तेच प्लॅस्टिक चालणार जे गोल रॉडच्या रूपात शहरात मिळतं आणि लेथवर नीट चालतं. रॉडवाल्याकडे गेलं की समोर येतात नायलॉन, डेलरिन, पीपी, एचडीपीई, टेफ्लॉन, आणि पैसे असतील तर पीक (PEEK) नावाचं प्लॅस्टिक. पीकची किंमत ऐकून मी चहा घेतला आणि तो विषय तिथेच सोडला. टेफ्लॉन महाग असूनही बाद, कारण ते दाबाखाली हळूहळू सरकतं, आज कापलेली ओ-रिंगची खाच काही महिन्यांनी तीच राहील याची खात्री नाही. एचडीपीई आणि पीपी मऊ, एचडीपीईचा ताठपणा डेलरिनच्या साधारण एक तृतीयांश, आणि वर त्याला काहीही चिकटत नाही.

पीव्हीसी पाइपवर मात्र मी बराच वेळ अडकलो होतो, कारण पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि सॉल्व्हंटने पक्का चिकटतो. प्लंबर लोक म्हणतात ना "दहा किलोचा पाइप घ्या", ते दहा किलो म्हणजे आतून बाहेर लागणारा दाब. बाहेरून आत दाब आला की पाइप फाटत नाही, तो एका बाजूने चेपतो, आणि हे गणित पूर्ण वेगळं. पाइप जरासा जरी अंडाकृती असला तरी त्याची चेपण्याची तयारी आधीच झालेली असते. मी हार्डवेअरवाल्याकडे उभं राहून चार-पाच तुकड्यांना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर एकाच पाइपचा व्यास दोन दिशांना वेगळा. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाणीच न्यायचंय ना?" त्याचं बरोबर होतं, पाणी न्यायला तो पाइप झकास आहे, पण ओ-रिंगला गोल भोक लागतं. शिवाय पीव्हीसी साठच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात बोटीच्या फळीवर उन्हात काळी-करडी वस्तू किती तापते हे ज्याने हात लावलाय त्याला विचारा. काही लोक पीव्हीसीत सुंदर काम करतात, बोअर करून म्हणजे आतलं भोक कोरून, वेगळा बुश (आत बसणारी नळी) चिकटवून, पण मग लेथचं काम होतंच, तर चांगला रॉडच का नको.

उरले दोन, नायलॉन आणि डेलरिन. वर्कशॉपचे टर्नर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते नायलॉनच्या बाजूचे. "अरे एवढे बुश केलेत नायलॉनचे, वर्षानुवर्षं चालतात, आणि स्वस्त पडतं." मामांचं म्हणणं खोटं नव्हतंच, फक्त ते बुश कोरड्यात नाहीतर तेलात चालत होते. नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण मुरलं की वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी आत घेतं आणि लांबी-रुंदीत दोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. माझ्या बॉडीचं आतलं भोक ४८ मिमी, त्याचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ १ मिमी, प्रत्येक बाजूला अर्धा. मी वापरणार होतो ती ओ-रिंग ३ मिमी जाडीची, ती खाचेत साधारण २० टक्के दाबून बसवतात, म्हणजे दाबलेपण फक्त ०.६ मिमी. त्यातला अर्धा मिमी भोक फुगण्यात गेला तर उरलं काय! डेलरिन पाण्यात कितीही ठेवलं तरी एक टक्क्याच्या आतच पाणी घेतं, तेच गणित लावलं तर प्रत्येक बाजूला मिमीच्या काही शतांशांचा फरक, तो ओ-रिंगला कळतही नाही.

मामांना हे कागदावर दाखवलं तर ते नुसते हसले. मग त्यांनीच दोन्हींच्या ३ मिमी भिंतीच्या रिंगा कापून दिल्या, आणि दोन्हींत बरोबर घट्ट सरकत जाईल असा अ‍ॅल्युमिनियमचा एक गोळा टर्न करून दिला. रिंगा बाल्कनीतल्या बादलीत गेल्या. अधूनमधून काढून पुसून गोळा घालून बघायचो. डेलरिनमध्ये गोळा शेवटपर्यंत तसाच, अंगठ्याने दाबत दाबत न्यावा लागायचा. नायलॉनमध्ये काही आठवड्यांनी गोळा सोडला की स्वतःच्या वजनाने खाली टपकन पडायला लागला. ती रिंग मी मामांच्या हातात दिली, त्यांनी दोनदा गोळा टाकून बघितला, आणि म्हणाले, "डेलरिन आण मग."

डेलरिन आणायला गेल्यावर नवीनच भानगड. डेलरिन हे मूळ ड्युपाँचं नाव, १९६० पासून बाजारात आलेलं, पण आपल्याकडे त्या जातीच्या कुठल्याही रॉडला सरसकट डेलरिन म्हणतात, आणि पांढरा नायलॉन आणि पांढरं डेलरिन शेजारी ठेवले तर नवख्याला ओळखू येत नाहीत. एका ठिकाणी मला जो तुकडा डेलरिन म्हणून दाखवला तो किंचित पिवळसर होता आणि हातात हलका लागला. लोक जाळून वास बघतात, नायलॉनला जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि डेलरिनला नाकाडोळ्यात झोंबणारा, पण तो झोंबणारा वास फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो मुद्दाम हुंगू नये. त्यापेक्षा घरी करायची सोपी टेस्ट आहे. १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवायचं, ढवळत बसावं लागतं, खाली थोडं उरलं तरी चालेल. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. नायलॉन १.१४, ते वर तरंगतं. डेलरिन १.४१, ते दगडासारखं तळाला. अ‍ॅक्रिलिक १.१९ चं असल्यामुळे ते मधेच घुटमळतं. दुकानदाराकडून नखाएवढा तुकडा मागून आणला होता तो मिठाच्या पाण्यात मस्त तरंगला, मग दुसरं दुकान बघितलं. मीठ फुकट नाही गेलं, तेच पाणी पुढे दोन वेळा कामाला आलं.

आणखी एक बारकावा जो मला आधी माहीत नव्हता, वर्कशॉपमध्ये येणाऱ्या एका प्लॅस्टिकवाल्याने सांगितला. डेलरिन जातीत दोन प्रकार, होमोपॉलिमर आणि कोपॉलिमर. अस्सल डेलरिन हे होमोपॉलिमर, ते थोडं जास्त कडक आणि ताठ. पण त्याचा जाड रॉड बनताना बाहेरून आधी थंड होतो आणि मधला भाग शेवटी आकसतो, त्यामुळे बरोबर मध्यभागी बारीक छिद्रांची एक रेघ रॉडच्या लांबीभर राहू शकते. गिअर किंवा बुश करणाऱ्याला काही फरक पडत नाही, मधलं भोक पाडलं की ती रेघ गेली. माझ्या डिझाइनमध्ये मात्र बॉडी एका बाजूने बंद, म्हणजे तळ त्याच रॉडमधून कोरून ठेवलेला, आणि त्या तळाच्या बरोबर मधून ती रेघ जाणार! १० मिमी जाडीचा तळ ठेवून उपयोग काय जर मधूनच पाणी झिरपणार असेल. रॉड कापून आणला तेव्हा कापलेल्या तोंडावर पॉलिश पेपर मारून, मार्करची शाई चोपडून, लगेच कपड्याने पुसून बघितलं. होमोपॉलिमरच्या तुकड्यात मध्यभागी मोहरीएवढा डाग शाई धरून बसला. कोपॉलिमरमध्ये सगळं साफ पुसलं गेलं. तेव्हा कोपॉलिमर, आणि तेही काळं, कारण पांढरं उन्हात लवकर खराब होतं, काळ्यात काजळी मिसळलेली असते तिने ऊन बरंच अडतं. काळं जास्त तापतं हे खरं, पण टॉर्च उन्हात ठेवायचीच कशाला, ओल्या टॉवेलखाली ठेवा.

टर्निंगबद्दल बोलायचं तर मामांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. डेलरिन लोण्यासारखं कापलं जातं, कूलंट लागत नाही, धारदार टूल लावलं की चिप लांबच लांब रिबिनीसारखी निघते आणि चकाभोवती गुंडाळत जाते, ती हाताने ओढायची नाही, मशीन बंद करून काढायची. खरा त्रास चकाचा. तीन जॉच्या चकात पातळ भिंतीची नळी आवळून आत बोअर मारलं तर चकात असेपर्यंत भोक अगदी गोल दिसतं, आणि चक सोडला की प्लॅस्टिक परत आपल्या जागेवर येतं आणि भोक तिकोनी होतं. व्हर्नियरला पटकन कळतही नाही, कारण तीन कोनांच्या गोलात व्यास सगळीकडे साधारण सारखाच येतो. मामांनी आधी अ‍ॅल्युमिनियमची एक चिरलेली जाड रिंग केली, बॉडी त्या रिंगेत घातली आणि मग रिंग चकात धरली म्हणजे दाब सगळ्या बाजूंनी सारखा वाटला गेला. आधी सगळीकडे एक मिमी ठेवून ओबडधोबड कापलं, रात्रभर तसंच ठेवलं कारण रॉडमधला ताण मोकळा झाला की माप थोडं हलतं, आणि फिनिश कट दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटी भोकाच्या आत १००० नंबरचा पेपर गोल फिरवून. बोअरिंग टूल आत स्क्रूच्या आट्यांसारखी बारीक रेघ सोडतं, डोळ्याला भोक चकचकीत दिसतं पण ती रेघ म्हणजे पाण्याला बाहेरून आत यायला जिनाच.

ओ-रिंगची खाच मी प्लॅस्टिकमध्ये ठेवलीच नाही, ती हेडवर, म्हणजे टॉर्चच्या पुढच्या भागावर ठेवली, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. याचं कारण उष्णता. एलईडी २० वॅटची असेल तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होऊन तिथेच बसतो. अ‍ॅल्युमिनियम डेलरिनपेक्षा पाचशे पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे प्लॅस्टिकच्या बंद डब्यात एलईडी ठेवणं म्हणजे तिला गोधडीत घालणं. सगळीच बॉडी अ‍ॅल्युमिनियमची करा असं एक मित्र म्हणत होता, आणि धातूप्रेमी मंडळींचं त्यात चुकत नाही, पण मग अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) आलं, त्यावर ओरखडा पडला आणि शेजारी स्टीलचा स्क्रू असला की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडायला लागतं. म्हणून मधला मार्ग, पुढचं हेड तेवढं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्याची कड थेट समुद्राच्या पाण्याला लागलेली, एलईडी त्याच्या पाठीवर थर्मल पेस्ट लावून, आणि मागची पूर्ण बॉडी डेलरिन. दोन्ही उन्हात वेगवेगळे फुगतात, डेलरिन अ‍ॅल्युमिनियमच्या चारपाच पट फुगतं, पण २० अंशांच्या फरकाला ४८ मिमीवर तो फरक ०.०८ मिमी निघाला, दोन बाजूंना वाटला की ०.०४. तीन मिमीच्या ओ-रिंगला त्याचं काही नाही. बारीक ओ-रिंग असती तर विचार करावा लागला असता, म्हणून ओ-रिंग शक्यतो जाड घ्या. पुण्यातल्या बोहरी आळीत एनबीआर रबराच्या, ७० शोअर कडकपणाच्या, हव्या त्या मापाच्या मिळतात. सिलिकॉनच्या घेऊ नका, घेतल्यात तर त्यांना सिलिकॉन ग्रीस लावू नका, रबर ग्रीस पिऊन फुगतं.

पुढची काच म्हणजे काच नाहीच, ८ मिमी अ‍ॅक्रिलिक. पॉलिकार्बोनेट हातोड्याने मारलं तरी फुटत नाही हे मान्य, पण त्याच्यावर नखाने चरा पडतो, उजेड ८८ टक्क्यांच्या आसपास सोडतं, तर अ‍ॅक्रिलिक ९२. अ‍ॅक्रिलिकवर चरे पडले तर पेपर मारून पॉलिश करून परत नवं होतं. चकती कापायला नेमप्लेट-बोर्ड बनवणाऱ्याकडे गेलो, त्यांच्याकडे लेझर असतं. पॉलिकार्बोनेट लेझरवर ते लोक घेतच नाहीत, कड जळून तपकिरी होते. अ‍ॅक्रिलिक मात्र काचेसारखं चकचकीत कापलं जातं, आणि तिथेच फसायला होतं. लेझरच्या कडेत ताण अडकलेला असतो, आणि अशा कडेला स्पिरिट लागलं की बघता बघता केसासारख्या बारीक भेगा आत धावतात. मी एका जास्तीच्या चकतीची कड मुद्दाम सॅनिटायझरने पुसून बघितली, मिनिटभरात कडेला कोळ्याचं जाळं. म्हणून चकती दोन मिमी मोठी कापून घेतली, कड लेथवर हळूहळू उतरवली, मग ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास ठेवून ओव्हन बंद करून आतच गार होऊ दिली. पुसायचं फक्त साबणाच्या पाण्याने. स्क्रू सैल होऊ नये म्हणून जे थ्रेडलॉकर लावतात तेही या दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकांच्या जवळ नको, त्यानेही तडे जातात.

स्विचसाठी बॉडीत भोक पाडायचं नाही हे आधीच ठरलं होतं. आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), बाहेर सरकणारा लोहचुंबक, डेलरिनच्या ६ मिमी भिंतीतून आरामात चालतो. निओडिमियमच्या चुंबकाचा निकेलचा मुलामा कुठे टवका उडाला की समुद्रात तो गंजून भुगा होतो, म्हणून इपॉक्सीत पूर्ण बुडवून बसवला. आणि हो, टॉर्च धरलेला हात कंपासजवळ नेलात तर कंपास वेडी होते, हे पाण्यात जाण्याआधी माहीत असलेलं बरं. आतला सेलचा पिंजरा थ्री-डी प्रिंट केला. काही लोक आख्खी बॉडी प्रिंट करतात, पण थरांच्या मधून पाणी झिरपतं, मला तरी नको.

हेडला आटे केले नाहीत. दोन ओ-रिंगांवर दाबून बसतं, वरून दोन बाजूंना रबरी पट्ट्या. खाली गेलं की समुद्रच ते आत दाबून धरतो. हे मुद्दाम, कारण लिथियमच्या सेलनी जर गॅस सोडला, किंवा आत खारं पाणी शिरून सेल शॉर्ट झाले, तर आतला दाब वाढतो, आणि आट्यांनी घट्ट बंद केलेली नळी म्हणजे मग फटाकाच. दाबून बसवलेलं हेड निदान बाहेर सरकतं. पाणी शिरलेली टॉर्च उघडताना हेड कोणाच्याही तोंडासमोर धरायचं नाही, स्वतःच्या तर नाहीच.

टेस्ट दोन टप्प्यांत. आधी साधी बादली, कारण ओ-रिंग कमी दाबातच जास्त गळते, दाब वाढला की ती खाचेच्या कडेला दाबली जाऊन उलट पक्की बसते. नंतर भोसरीतल्याच एका फॅब्रिकेटरकडून जाड एमएस (साध्या स्टीलच्या) पाइपला फ्लँज मारून भांडं करून घेतलं आणि प्लंबर लोक लाइन टेस्ट करायला वापरतात तो हाताचा हायड्रो टेस्ट पंप भाड्याने आणला. भांड्यात हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही, काठोकाठ पाणी, कारण दाबलेली हवा सुटली तर जीवावर येतं, पाणी सुटलं तर नुसतं फिस्स होऊन काटा खाली येतो. टॉर्चच्या आत सेल नाहीत, एलईडी नाही, फक्त वजनाला छर्रे आणि टिश्यू पेपर. टिश्यूवर मुलाच्या स्केचपेनने रेघा मारल्या होत्या, पाण्याचा एक थेंब जरी लागला तरी रंग पसरतो. काटा ६ बारवर नेऊन जेवायला गेलो. परत आलो तर काटा किंचित उतरला होता, मामा म्हणाले गेलं पाणी आत. पण पंपाचाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिरपत होता. उघडलं तर टिश्यूवरच्या रेघा जशाच्या तशा.

मालवणला पहिल्यांदा नेली तेव्हा तिथल्या डायव्हमास्टर दादाने हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "बत्ती बरी आसा रे, पण हातातून सुटली तर गावतली काय?" प्रश्न रास्त होता. बॉडी प्लॅस्टिकची असल्याने पाण्यात हिचं वजन शंभर ग्रॅमच्याही आत भरतं, हळूहळू बुडते, मनगट दुखत नाही, हेच पूर्ण धातूत केलं असतं तर अजून दोन-सव्वादोनशे ग्रॅम वाढले असते. तरी दोरी मनगटाला हवीच. तिथे एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. टॉर्च पुण्यात बंद करून नेली की मालवणला हेड उघडताना जरा जास्त जोर लागतो. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, ती विरळ हवा आत कोंडली जाते आणि खाली बाहेरची हवा हेडला किलोभराने आत ढकलून धरते. विमानात उलटं होतं, केबिनमधला दाब कमी म्हणून हेड बाहेर सरकायला बघतं, तेव्हा विमानात नेताना हेड उघडं ठेवायचं आणि सुटे सेल केबिन बॅगेतच.

पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून ठेवायची एवढीच निगा. डेलरिनला क्लोरीन मानवत नाही, ब्लीचच्या पाण्यात तर अजिबात नको, स्विमिंग पूलमध्ये प्रॅक्टिस केली की लगेच धुऊन टाकतो.

आता ज्या मित्राला सगळं धातूत हवं होतं त्यालाच अशी एक हवी आहे, पण त्याला आंग्रिया बँकला जायची स्वप्नं पडतायत, म्हणजे विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार, बोटीवर राहून सलग डाइव्ह, म्हणून सेल दुप्पट हवेत. म्हणजे बॉडी लांब, आणि एवढं खोल बोअरिंग मामांच्या लेथवर थरथरतं. त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी उघडी नळी करून मागे वेगळी टोपी देणार आहे, एक ओ-रिंग वाढेल पण मग रॉडच्या मधल्या रेघेची भानगड नाही, होमोपॉलिमर मिळाला तरी चालेल. ६५ मिमीचा रॉड सांगून ठेवलाय, किलोच्या भावाने घ्यायचा असतो आणि काप काढून देताना दुकानदार करवतीचा भुगाही आपल्याच वजनात धरतो, तेवढं तिथे उभं राहून बघायचं.